पाटावरची सीडी

खंडेनवमीला घरात झेंडूचा वास भरला की मला डोंबिवलीतल्या एका रक्तपेढीची ती गार खोली आठवते.

तिथला जुनाट डेटाबेस नव्या सर्व्हरवर न्यायला मी गेलेलो. हलवण्याआधी तपासणी चालवली. दुर्मीळ रक्तगटाच्या दात्यांची यादीच खराब झालेली, उघडेचना. बॅकअप होते महिनाभराचे. त्या सगळ्यांत तोच बिघाड इमानेइतबारे उतरलेला. रक्त लागलं की फोन जायचे ते याच यादीवरून. दारात उभे डॉक्टर तिसऱ्यांदा विचारत होते, "अजून किती वेळ?"

"अरे, पूजेची सीडी चालेल का?" नोंदी सांभाळणाऱ्या नाईककाकू म्हणाल्या.

सर्व्हर उचलून देवापुढे नेता येत नाही, म्हणून दर खंडेनवमीला त्या सगळा डेटा सीडीवर उतरवून ती पाटावर मांडायच्या. सकाळी हे ऐकून मी खो खो हसलेलो.

कपाटातून गेल्या वर्षीची सीडी निघाली. तिच्यावर कुंकवाचं बोट आणि झेंडूची चिकटलेली पाकळी होती. काकूंनी ती पदरानं हलकेच पुसून दिली. सीडी घरघरली, अडकली, पुन्हा घरघरली. आम्ही तिघंही स्क्रीनवर वाकलो. मग स्क्रीनवर एकेक नाव उतरू लागलं.

अहवालात मी ऐटीत लिहिलं, 'ऑफलाइन बॅकअपवरून यादी परत मिळवली.' खाली फक्त माझी सही.

काकूंनी तो कागद वाचला, नीट फाइलला लावला आणि म्हणाल्या, "हुशार आहेस हो."

तेव्हा मला ते कौतुक वाटलेलं.