शेवटच्या पायरीवरचा माणूस

इथले अनुभव मी वाचतो आणि बहुतेकदा हसतो. भूतबीत, करणी, साक्षात्कार... यातलं काहीच मी मानत नाही. आजानं धम्मदीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरातले देव गेले ते गेलेच. आता जे सांगतोय त्यावरही विश्वास ठेवा असं माझं म्हणणं नाही. पण घडलंय, आणि डोकं अजून फिरलेलंच आहे.

मी परभणीचा, निवृत्त चित्रकला शिक्षक. मला नाद एकच – जुन्या, शिळेवर छापलेल्या सचित्र पोथ्या जमवायचा. संतांची, भक्तांची जुनी आख्यानं असतात ना, त्या. आमचे लोक म्हणतात, "सर, तुमाला कशाला पायजेत देवाच्या पोथ्या?" आणि ज्यांच्या घरी मागायला जातो त्यांच्या मनातही हेच असतं, फक्त ते तोंडानं म्हणत नाहीत. मला देव नकोच आहेत हो! मला चित्रं पाहिजेत. त्यातलं एक तर फार पाहिजे होतं.

आजा सांगायचा, आमच्या जवळच्या मानवत गावातल्या एका आडत्यानं स्वतःच्या खर्चानं अशी पोथी छापून घेतली होती. चित्रं काढणारा त्याच्याच घरी उतरलेला. एका आख्यानात गावकुसाबाहेरचा भक्त देवळाच्या शेवटच्या पायरीवर बसलेला दाखवायचा होता. त्यासाठी चित्रकारानं दारात सरपण फोडायला आलेल्या माणसाला बसवलं. तो माणूस म्हणजे आजाचा बाप. बैलाच्या शिंगानं डावा कान फाटलेला. आडत्याच्या दारात वहाणा घालायची सोय नव्हती, म्हणून त्या काखेत धरलेल्या. चित्रातही तशाच आल्या. आमच्या घरात पणजोबाचा फोटो कुठून असणार? जगात त्याचा चेहरा होता तो त्या एका पानावर.

अकरा वर्षं मी त्या पोथीच्या मागे होतो. शेवटी कळलं, त्या घराण्यातले नाना अजून मानवतलाच आहेत आणि पोथीची उरलेली एकुलती एक प्रतही त्यांच्याकडेच आहे. एका रविवारी सकाळच्या एसटीनं गेलो.

"बसा सर, हितंच बसा, वारं चांगलं लागतंय," म्हणत नानांनी मला ओसरीवरच बसवलं. माझ्याकडे टेबलफॅन फिरवला. चहा आला – नानांना कपबशीत, मला कागदी कपात. मी गिळला. चहाही आणि रागही. पणजोबासाठी आलो होतो ना!

पोथी पाटावर आली, लाल बासनात. "पानाला हात लावू नका बरं का सर. सोवळ्यातली हाय. मीच उलटतो." बत्तीस वर्षं पोरांना कागद कसा हाताळायचा ते शिकवलं मी. आणि मला हे सांगतात! तरी हात मागे घेतला आणि फोन काढला.

ते पान आलं. देऊळ, समया, पुजारी... आणि शेवटच्या पायरीवर तो. फाटका कान, काखेत वहाणा. माझे हात इतके थरथरले की पहिला फोटो हललाच. कान कळतो, वहाणा कळतात, नाक-डोळे पुसल्यासारखे. दुसरा काढणार तेवढ्यात त्या मेल्या फॅननं पान उडालं. फाटेल या भीतीनं मी डावं बोट पानावर ठेवलं आणि उजव्या हातानं फोटो घेतला. बघत होतो ते नानांच्या तोंडाकडे. ते पांढरंफटक पडलं होतं. त्यांनी पोथी मिटली.

घरी आल्यावर बायकोला दुसरा फोटो दाखवला. "हा बघ, माझा पणजोबा."

"कुठं हाय? पायरी तर रिकामीच दिसायलीय."

फोटो लख्ख होता. समयांच्या वाती मोजता येत होत्या. पानाच्या कोपऱ्यातला तेलाचा डाग दोन्ही फोटोंत तोच, दुसऱ्यात कडेला माझं बोटही आहे. पायरीवर कुणी नाही. वहाणाही नाहीत.

तीन दिवसांनी पुन्हा मानवत गाठलं. ओसरीवर चढायच्या आतच नाना म्हणाले, "पोथी न्हाई आता. गंगेला सोडली."

गंगा म्हणजे आमची गोदावरी. जीर्ण झालेली, नाहीतर बाटलेली पोथी तिच्यात सोडतात. माझा तोल सुटला. "माझं बोट लागलं म्हणून? एका बोटानं बाटली तुमची पोथी? अहो, माझा पणजा होता त्यात! लाज कशी वाटत नाही तुम्हाला?" गल्लीतले लोक जमले. जमू देत म्हटलं. फोन काढून दोन्ही फोटो त्यांच्या नाकासमोर धरले.

नानांनी दुसरा फोटो वाकून दोनदा पाहिला. "म्हणजे तुमालाबी दिसलं... बोटाचं न्हाई ओ सर. बोटाचं मी गोमूत्र शिंपडून भागवलं असतं. सांजच्याला बासन बांधताना पाहिलं, पायरीवर कुणीच नव्हतं. लहानपणापासून बघायलाव आमी त्याला तिथं. लय भ्यालो. म्हणून सोडली."

मी तसाच वळून स्टँडवर आलो. परतीच्या गाडीत तो हललेला पहिला फोटोच उघडून बसलो.

फोटो मी जाणकारांना दाखवले. कुणी म्हणतं पानं दोन असतील, कुणी म्हणतं फोनचा घोटाळा. मग तेलाचा डाग? मग नानांनी पाहिलं ते काय? मला यातलं काहीही सांगता येत नाही. पणजोबाचा चेहरा मला मिळाला नाही, आता मिळणारही नाही. त्याचं रडू येतं.

पण त्याहून राग येतो. तो काखेत वहाणा धरून शेवटच्या पायरीवर बसला होता, तोवर त्या घरानं चार पिढ्या पोथीला हळदकुंकू वाहिलं. उठून गेला, तर तीन दिवसही ठेवली नाही घरात.