रीमचं उलटं पुस्तक

बैरूतचा नबील फ्रेंचमध्येच कविता का लिहायचा, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. शाळा फ्रेंच, प्रेमपत्रं फ्रेंच, मग कविता तरी दुसरीकडे कुठे जाणार? तरुणपणी दोन संग्रह निघाले, थोडंफार नावही झालं. मग देशातल्या यादवी युद्धाच्या अखेरीस त्याची सात वर्षांची लेक रीम घराच्या जिन्यात गोळा लागून गेली. त्यानंतर नावाचं काय करायचं होतं!

ब्याण्णव साली तो बायकोला, आमिनाला घेऊन मस्कतला आला. वादी कबीर भागातल्या एका छापखान्यात अरबी मुद्रितं तपासायची नोकरी. कवी माणूस, आणि दिवसभर वाचायच्या टायरच्या जाहिराती! आमिना घरातलं सगळं करायची, पण लेकीचा विषय काढला की उठून आत जायची. म्हणून नबील तिच्यासाठी लिहू लागला. रीमच्या जन्मापासून सुरुवात, एका पानावर एक कविता. असं हळूहळू नेलं तर शेवटच्या पानापर्यंत आमिना आपल्यासोबत येईल, एवढीच त्याची आशा होती. दुसरी आशा उरलीच नव्हती.

कितीतरी वर्षांनी पुस्तक त्याच छापखान्यात झालं. बांधणी दापोलीच्या मुस्तफाची. त्याच्या हातून जन्मभर अरबी पुस्तकंच गेलेली. सवयीनं त्यानं कव्हर उजवीकडून उघडेल असं चिकटवलं. आतली पानं मात्र फ्रेंच पद्धतीनं डावीकडून सुरू होणारी. नबीलच्या अरबी डोळ्यांनाही कव्हरात काही वावगं दिसलं नाही. आमिनानंच पहिल्यांदा उघडावं म्हणून त्यानं पुस्तक तसंच घरी नेलं.

तिनं उघडलं, तर आधी समोर आलं ते शेवटचं पान, आणि त्यावर तो जिना. ती पुस्तक घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

सकाळी नबील मुस्तफावर इतका ओरडला, की मशिनं थांबली.

"तिच्यासमोर मी लेकीला पुन्हा मारलं, मुस्तफा!"

"माझी चूक झाली, उस्ताद, वल्ला! आता नीट करून देतो," मुस्तफा रडकुंडीला आला. संध्याकाळी सरळ बांधलेली प्रत घेऊन तो स्वतः नबीलबरोबर घरी गेला.

आमिनाचे डोळे सुजले होते. तिनं नवी प्रत चाळली, शेवटचं पान वाचलं आणि पुस्तक मुस्तफाला परत दिलं.

"हे नको, भाई. ह्यात रीम शेवटी मरते. माझ्या पुस्तकात ती शेवटी माझ्या कुशीत येते."

नबील भिंतीला टेकून हमसून रडू लागला. इतक्या वर्षांत तिनं लेकीचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं.