भिंतीला दिलेला पास

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं खूप हसलात. "आजी, तू सॉकर शिकवतेस?" मी शिकवत नाही, आणि इथे त्याला फुटबॉलच म्हणतात. क्रमाने सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही. माझा झालेलाच आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर कोल्हापूरची एक तरुण बाई भाड्याने राहते. बँकेत अधिकारी आहे, बदली होऊन काशीला आली. लहानपणापासून फुटबॉल खेळलेली. इथे आल्यावर तिने सकाळी सहा वाजता कँटोनमेंटच्या बाजूच्या एका मैदानावर मुलींना शिकवायला सुरुवात केली. एक दिवस ती एक इंग्रजी पुस्तिका घेऊन माझ्याकडे आली.

"काकू, शब्द सगळे कळतात बघा, पण वाक्यं कळंनात. तुम्ही इंग्रजी शिकवलंय ना?"

मी चष्मा लावून वाचलं. चेंडू आपल्याकडे असताना मैदान रुंद करा, चेंडू गेला की क्षणात अरुंद करा, असं काहीतरी होतं. वाक्याचा कर्ता, कर्म, क्रियापद मी तिला अचूक सांगितलं. मैदान रुंद कसं करतात ते मला आजही सांगता येणार नाही. ते तर चुन्याने आखलेलं असतं.

तरी मी जायला लागले. त्याला कारण होतं. गल्लीतल्या भटजींची चौदा वर्षांची मुलगी या मुलींत होती आणि तिच्यासोबत कोणीतरी वडीलधारं माणूस हवं होतं. भटजी माझ्या बैठकीत बसून म्हणाले होते, "काकू, तुमच्यासमोर सांगतो. जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर खेळू दे. नाही झाली तर चेंडू बंद, अभ्यास सुरू." मुलगी दारात उभी होती. तिने फक्त मान हलवली. निवड चाचणीला महिना उरला होता.

मैदानावर मला प्लास्टिकची खुर्ची आणि एक काम मिळालं: सलग किती पास होतात ते मोजायचं. चौघी कडेने उभ्या राहायच्या, एक मधे. मधलीच्या हाती लागू न देता चेंडू फिरवायचा. मी वहीत रेघा मारायचे. पण मुली पुढे जायचं सोडून चेंडू मागे का देतात ते मला कळेना. विचारलं तर कोल्हापूरकरीण म्हणाली, "मागं दिला की समोरचे पुढं येतात. मग त्यांच्या मागं जागा होते." मी "अच्छा" म्हटलं. मागे कोणाच्या, पुढे कोणाच्या, हे मी घरी आल्यावर चहाचे कप मांडून पाहिलं. जमलं नाही.

भटजींच्या मुलीचं मात्र एक विचित्र होतं. पायात चेंडू आला की ती तो तिरका डावीकडे मारायची, जिथे कोणीच नसायचं, आणि स्वतः सरळ पुढे धावायची. चेंडू मैदानाबाहेर, ही पुढे एकटी.

"अगं, कुणाला दिलास? भुताला?" कोल्हापूरकरीण ओरडायची.

"दीदी, मालूम नाही. पाय आपोआप जातो."

बाकीच्या मुली हसायच्या. "पंडितजी की बेटी है, पितरों को पास देती है!"

ही चूक कुठून आली ते मला गल्लीतच कळलं. मैदानावरून परतताना टोटो, म्हणजे इथली बॅटरीवरची रिक्षा, मुख्य रस्त्यावर सोडून आम्ही पायी येत होतो. वळणावर गाय आडवी उभी. मुलीने खांद्यावरच्या जाळीतला चेंडू काढला, डावीकडच्या भिंतीवर तिरका मारला आणि ती गायीच्या उजवीकडून निसटली. चेंडू भिंतीवरून परतून बरोबर तिच्या पायाशी. गायीने मानसुद्धा हलवली नाही. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना भिंतच असते. ही पोर तिच्याशीच खेळत वाढली होती, आणि मैदानाला भिंत नव्हती.

फुटबॉलमधली ही पहिली गोष्ट मला कळली. मी घाईने जिना चढून वर सांगायला गेले. कोल्हापूरकरीण हातातली पोळी तशीच धरून बसली.

"काकू, म्हणजे ती चुकत नाही. तिथं माणूस कमी आहे."

दुसऱ्या दिवसापासून डाव्या बाजूला एक मुलगी उभी केली. हिने चेंडू तिला द्यायचा, तिने एका स्पर्शात परत. माझ्या वहीत रेघा मावेनात. पण आठवड्याने कोल्हापूरकरीणच काळजीत पडली. चाचणीत संघ वेगळे पाडतात. ती डावीकडची मुलगी हिच्या बाजूला नसली तर?

"तुम्ही शिक्षिका. सांगा, सवय मोडायची की ठेवायची?"

मी वर्गात मुलांचं हिंदी वळणाचं इंग्रजी सुधारायचे. काही सुधारली, काहींनी वर्गात तोंड उघडणंच सोडलं. कोणतं कोणामुळे झालं हे मी कधी नोंदवलं नाही. शेवटी तिने मुलीला सांगितलं, "आधी बघ, मग दे." मुलगी बघायला लागली. इतकी बघायला लागली की तोवर कोणीतरी चेंडू घेऊन जायचं.

चाचणीच्या दिवशी भटजींना इथल्या पंचगंगा घाटावर यजमान होते, म्हणून तिच्यासोबत मी गेले. संघ सगळे अनोळखी. पहिला अर्धा वेळ तिने मान वर करून नुसतं बघण्यात घालवला. माझी वही कोरी. मग मध्यांतरानंतर ती डावीकडच्या एका उंच मुलीजवळ गेली आणि मला खुर्चीपर्यंत ऐकू आलं, "दीदी, यहीं खड़ी रहना. बस लौटा देना."

"काहे? हम दीवार हैं का?"

"हाँ."

उंच मुलगी हसली, पण उभी राहिली. दोनदा चेंडू गेला, परत आला, आणि आमची पोर तिघींच्या पलीकडे निघाली. तिसऱ्यांदा मधेच कोणीतरी तो अडवला. तेव्हा लगेच मागे पळायचं असतं, पुस्तिकेत ते वाक्य दोनदा आहे. ही कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि तिच्या रिकाम्या जागेतून समोरच्यांनी गोल केला. एकाच दुपारी ती मला चांगलीही वाटली आणि वाईटही. परीक्षक काय लिहीत होते देव जाणे.

संध्याकाळी भटजी मोबाइल घेऊन आले. मुलगी मागे. यादीचा फोटो होता. अठरा नावं, खाली रेघ, रेघेखाली तिचं नाव आणि पुढे इंग्रजीत 'राखीव'.

"काकू, तुम्ही इंग्रजीवाल्या. निवड झाली की नाही झाली?"

मी समजावलं. संघासोबत जायचं, सराव करायचा, पण कोणी कमी पडलं तरच खेळायचं.

"ते कळलं. झाली की नाही?"

कोल्हापूरकरीण बँकेतून परतली नव्हती. मी फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. आयुष्यभर मी मुलांना सांगितलं की उत्तर एकच असतं, ते नीट लिहा. इथे मला दोन दिसत होती आणि दोन्ही नीट होती. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती, दाराच्या कडीकडे बघत होती.

"नाव यादीत आहे," मी म्हटलं, "आणि यादी निवडीची आहे."

"म्हणजे झाली."

"झाली."

भटजींनी मोबाइल खिशात ठेवला. शब्द दिला होता. मी खरं सांगितलं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही खेळता, तुम्हीच कळवा.

पायरी उतरताना ते थांबले. "पण समजा त्यातली एखादी पडली, पाय मुरगळला, तर?"

"तर ही खेळेल."

"अरेरे, देव करो आणि तसं न..." ते सवयीने बोलायला लागले आणि मधेच गप्प झाले. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही काही मागू नका. चला."