कोर्टाच्या दारचं डालं

मोटारीचा भोंगा ऐकला की अजूनही मी रस्ता सोडून बांधावर चढते. लोक हसतात. हसू द्या मेल्यांना, त्यांच्या गाडीला कोणी मागून धडक दिलेली नाही.

आमचा भाजीचा मळा बार्शीटाकळीला. वांगी भरून आम्ही नवराबायको बैलगाडीनं अकोल्याच्या बाजाराला निघालो होतो आणि मागून प्रवाशांची मोटार आली ती थेट गाडीवरच. मी पोत्यांवर पडले म्हणून वाचले. गाडी हाकणारे आमचे हे उडून दगडावर आपटले, पाठीवर. हाड मोडलं नाही म्हणाले डॉक्टर, पण कंबर गेली ती गेलीच. वाफ्यात वाकता येईना, अंथरुणात कूस वळता येईना.

मोटारमालक म्हणे, "ढोंग हाय सारं." म्हणून नुकसानभरपाईचा दावा लावला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण वाकता न येणाऱ्या माळ्यानं खावं काय?

आमच्या वकिलानं बजावलं, "त्यांची माणसं तुमच्यावर नजर ठेवून आहेत. ओझ्याला हात लावलात तर दावा बुडाला समजा."

तेव्हापासून माझा जीव टांगणीला. बांधावरून कोणी अनोळखी गेला की मी धावत जाऊन यांच्या हातातली बादली काढून घ्यायची. "अवं, पाण्याची हाय, सोन्याची नाही," ते चिडवायचे. मला हसू येत नसे. दावा फसला तर? खऱ्या दुखण्याचा माणूस गावात लबाड म्हणून कसा जगेल?

जबानीच्या दिवशी आम्ही कोर्टासमोर कडुनिंबाखाली पुकाऱ्याची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक म्हातारी पेरूंचं डालं खाली ठेवून टेकली होती. ती उठली आणि यांना म्हणाली, "बाप्पू, जरा हात लाव."

आम्हा बागायती लोकांत याला नाही म्हणत नाहीत. भरलं डालं एकट्यानं डोक्यावर चढत नाही. वैरी असला तरी माणूस थांबून हात लावतो. पण समोर पानवाल्यापाशी मोटारमालकाचा माणूस उभा होता.

"थांब मावशी, मी लावते," म्हणत मी उठले.

"तू खाली बस," हे म्हणाले. "सातवा चालू हाय तुले."

"अजी, तो पाहून राहिला!"

"पाहू दे. म्हातारी काय इथंच उभी राहीन?"

डालं चढलं. म्हातारी आशीर्वाद देत गेली. हे मात्र वाकले ते वाकलेच. कपाळावर नुसता घाम. तेवढ्यात पुकारा झाला.

मोटारमालकाच्या वकिलानं पहिलंच विचारलं, "आत्ता बाहेर डालं उचललं का?"

"उचललं जी."

"आणि आत येताच पाठ वाकली?"

सारं कोर्ट हसलं. माय वं, ते हसणं! कळ खरी होती हो, आणि तिलाच त्यांनी सोंग ठरवलं.

दावा गेला. पाठ पुन्हा सरळ झाली नाही. त्या म्हातारीला त्या लोकांनीच पाठवलं असेल का, मी एकदा विचारलं. हे म्हणाले, "मले का मालूम? डालं तं भरलेलं होतं ना."

मग लेक झाली. एका दुपारी पाहते तर हे पाळण्यापाशी उभे, वाकलेलेच. हात खाली पोचत होते, पण तिला वर घेणं काही जमेना. घरात दुसरं कोणी नाही असं पाहून हळूच मला म्हणाले, "हात लाव वं जरा."