सांभरच्या काठावरची ओटी

देवीचं बोलावणं आल्याशिवाय तिच्या दाराशी कोणी पोहोचत नाही, असं म्हणतात. आम्हाला बोलावणं आलं ते जयपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या फलकावर: 'सांभर सरोवर. एका दिवसात दोन दर्शनं, देवीचं आणि पक्ष्यांचं. मार्गदर्शक, कुलकर्णीसाहेब.'

कुलकर्णीसाहेब विमा खात्यातून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर त्यांना पक्षी आणि अध्यात्म दोन्ही एकदमच समजू लागलं होतं. मला अशा माणसांचा संशय येतो. पण आईचं जाणं ठरलेलं होतं. वडिलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिने कुलदेवीची ओटी भरण्याचा नवस बोलला होता. आमची कुलदेवी शाकंभरी, पार तिकडे कर्नाटकात बदामीला. वडील आता तिलक नगरच्या घरात बरे होत होते. त्यांना सोडून एवढा प्रवास करणं शक्य नव्हतं. सांभरलाही शाकंभरीच आहे हे कळल्यावर आईने प्रश्न निकालात काढला. नाव एक म्हणून पत्ता एक होत नाही, असं मी म्हणून पाहिलं. "तुला पोस्टमन व्हायचंय का?" ती म्हणाली.

थंडीचे दिवस होते. जीपमधून काठाकाठाने जाताना खरोखर सुंदर दिसत होतं. मिठाने पांढरी पडलेली जमीन, त्यापुढे उथळ पाणी, पाण्यात गुलाबी रेघ ओढावी तसे रोहित पक्षी. बाभळीखाली नीलगायी उभ्या होत्या. कुलकर्णीसाहेब सांगत होते की हे पक्षी देवीकडे तोंड करूनच उभे राहतात. मी दुर्बिणीतून पाहिलं. बहुतेकांची तोंडं चिखलात होती.

पक्षी आणखी जवळून दिसावेत म्हणून साहेबांनी जीप काठ सोडून आत घ्यायला लावली. ड्रायव्हर नको म्हणत होता. थोड्याच वेळात वरची पांढरी पापडी फुटली आणि चाकं काळ्या चिखलात रुतली.

"देवी परीक्षा घेते आहे," साहेब म्हणाले.

"साब, मैंने तो पहले ही मना किया था," ड्रायव्हर म्हणाला.

फोनला रेंज नव्हती. आम्ही सगळे ढकलून थकलो, तेव्हा माझं आईकडे लक्ष गेलं. ती जीपच्या पायरीवर बसली होती. कपाळावर घाम, हात थरथरत होते. ओटी भरल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही हे तिने ठरवलेलं मला माहीत होतं. पण मधुमेहाची सकाळची गोळी तिने घेतली होती, हे तेव्हा कळलं.

"अगं, गोळी घेऊन उपाशी राहिलीस?"

"गोळी म्हणजे काही अन्न नव्हे."

साहेबांनी डब्यातला लाडू पुढे केला. तिने तोंड फिरवलं. मी रागावलो, मग विनवलं, मग वडिलांचं नाव घेतलं. "त्यांच्यासाठीच तर आहे," ती म्हणाली, आणि तिचे शब्द अडखळू लागले. देवावरचा माझा सगळा अविश्वास त्या क्षणी फार उपयोगाचा वाटला नाही. साखर उतरत चालली होती, आणि समोर लाडू असून मी तो तिच्या तोंडात घालू शकत नव्हतो. कोणाला तरी हाक मारावीशी वाटली. कोणाला, ते मी ठरवलं नाही.

तेवढ्यात बांधावरून एक बाई आली. डोक्यावर काटक्यांची मोळी, हातभर चुडा, कपाळावर बोर नावाचा इकडचा गोल दागिना. आता ही काहीतरी मागणार, असं माझ्या मनात आलं. आईने मात्र तिचा चुडा पाहिला.

"सवाष्ण आहे. हिचीच भरते," ती म्हणाली. "सवाष्ण म्हणजे देवीच."

मी तिला धरून उभं केलं. बाईने मोळी उतरवली आणि काही न समजताच ओढणीचा पदर पुढे धरला. आईने कुंकू लावलं. ते निम्मं नाकावर गेलं. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, गुळाचा खडा.

"यो कांई छै?" बाईने विचारलं आणि खण उलगडून पाहिला. "इसमें पूरा ब्लाउज़ तो नहीं बनेगा."

मग तिने आईचा चेहरा पाहिला. गुळाचा खडा मोडला आणि सरळ आईच्या तोंडाला लावला. "मांजी, पैली थे खाओ."

आईने तोंड उघडलं. देवीच्या हातचा प्रसाद कसा नाकारणार? त्यामागून लाडूही गेला. हळूहळू घाम थांबला, आणि "साहेबांच्या लाडवात बेदाणे नाहीत," असं ती म्हणाली तेव्हा मी चिखलातच खाली बसलो.

बाईने बांधावर जाऊन कोणाला तरी हाक मारली. तिचा दीर ट्रॅक्टर घेऊन आला आणि जीप निघाली. आभार मानायला वळलो तर मोळी डोक्यावर घेऊन ती बरीच लांब गेली होती.

ती कोण होती याचा निवाडा मी करत नाही. एवढंच कळलं की काही वेळा हात सोडून द्यावे लागतात, मग ते कोणीतरी धरतं. त्या 'कोणीतरी'चं मी आजही ऋण मानतो.

देवळात पोहोचलो तेव्हा दार बंद होतं. ओसरीवरचा पुजारी म्हणाला, "माताजी विश्राम में हैं."

"असणारच," आई म्हणाली. "एवढं उन्हातून चालून आली."

कुलकर्णीसाहेबांनी डोळे मिटून हात जोडले. मीही जोडले.

ते देऊळ दुपारी रोजच बंद असतं.