‘पुट ऑफ’चा अर्थ विचाराधीन आहे

हा किस्सा मी आठ दिवसांपासून सांगीन सांगीन म्हणतोय आणि ऐन वेळी हवापाण्यावर घसरतोय. आज चहा टाकलाच आहे, तर सांगून मोकळा होतो. हसायला हरकत नाही, फक्त माझ्याकडे बघून हसू नका.

मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होतो. खांडबाऱ्याच्या आमच्या गल्लीत इंग्रजी कागद आला की तो आधी माझ्या ओट्यावर येतो. विम्याचा असो, बँकेचा असो, नाहीतर पाण्याच्या मोटारीच्या गॅरंटीचा. मोबाईलवरचं मी वाचत नाही, कागदावर काढून आणा असा माझा नियम. नियम कशासाठी, हे आजवर कोणी विचारलं नाही. नियमाला तेच शोभतं.

तर मंगळवारी संध्याकाळी शेजारचा उत्तम टेलर आला. मागे त्याची मुलगी ज्योती. लोणखेड्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, हुशार, आणि हुशार असूनही नम्र. सुरतेच्या एका लॅबोरेटरीत तिला शुक्रवारी सकाळी अकराला मुलाखतीला बोलावलं होतं. नेमकं त्याच दिवशी तिला बघायला साक्रीकडचे पाहुणे येणार होते. उत्तमच्या सांगण्यावरून तिने लॅबोरेटरीला लिहिलं, तारीख बदलून द्या. त्याचं उत्तर छापून आणलं होतं.

“बापू, काय लिखेल शे ते सांगा,” उत्तम म्हणाला. “तारीख बदलाव नही व्हई ते मी पाव्हनासले नको सांगस, पोरले सुरतले धाडस. बदलनी व्हई ते पाव्हना येऊ द्या. पण तुम्ही सांगशात तेच खरं.” म्हणजे तारीख बदलत नसेल तर पाहुण्यांना नकार आणि पोरगी सुरतेला, असं सगळं माझ्या शब्दावर टांगलेलं.

“बाबा, मी सांगितलं ना,” ज्योती म्हणाली. “मुलाखत पुढे ढकलता येणार नाही, असं लिहिलंय. मोबाईलपण तेच सांगतो.”

“मोबाईल कायबी सांगस. बापूसले वाचू दे.”

मी चष्मा पुसला, कागद धरला. दोनच ओळी. ‘द इंटरव्ह्यू कॅनॉट बी पुट ऑफ.’

आता तुमच्यापासून काय लपवू? ‘पुट अप’ मला झोपेत विचारा. साहेब फायलीवर ‘पुट अप’ लिहायचे, मी फाईल सादर करायचो. उभा जन्म त्या ‘पुट अप’वर निघाला. पण ‘पुट ऑफ’ माझ्या टेबलावर कधी आलंच नव्हतं. ‘ऑफ’ म्हणजे पंखा बंद, एवढी माझी पोच. म्हणजे मुलाखत बंद होऊ शकत नाही? बंद होऊ शकत नाही याचा अर्थ पुढे जाऊ शकत नाही असा होतो का? कचेरीत तरी होत नसे. आमच्याकडे बंद न होता वर्षानुवर्षं पुढे जाणाऱ्या गोष्टी कपाट भरून होत्या.

तेव्हा ‘मला माहीत नाही, पोरगी म्हणते ते बरोबर असेल’ एवढी दोन वाक्यं बोलायची होती. ती वाक्यं माझ्या तोंडाला ठाऊक नव्हती. तोंडाला जे ठाऊक होतं ते आपसूक बाहेर पडलं.

“इतकं सोपं नसतं ते. कागद ठेवून जा. उद्या या.”

रात्रीचं जेवण होण्याआधी मी इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला. म्हणजे अभ्यास केला नाही असं कोणी म्हणू नये. ‘पुट ऑफ’ला चार अर्थ दिले होते. अंगावरचं उतरवून ठेवणे. टाळणे. मन विटवणे. पुढे ढकलणे. मी चारही अर्थ तीनतीनदा वाचले. त्यातला एक निवडायचा, एवढंच काम उरलं होतं आणि तिथेच घोडं अडलं. निवडणं म्हणजे निर्णय घेणं. कारकून निर्णय घेत नाही, तो सादर करतो.

मग मी काय करावं? त्याच कागदाच्या मार्जिनमध्ये लाल शाईने टिपणी लिहिली: ‘प्रस्तुत शब्दप्रयोगाचे चार अर्थ संभवतात. सबब योग्य त्या आदेशास्तव सविनय सादर.’ अक्षर छान आलं. सादर कोणाला, तिथे पेन थांबलं. घरात माझ्या वरचा अधिकारी एकच.

सौ. भाकरी थापता थापता म्हणाली, “पोरगी सांगते तेच असेल की.”

“ती पोरगी आहे.”

“मग? शिकलेली आहे. तुम्हाला कळत नसेल तर तसं सांगा.”

“चौतीस वर्षांत मी कोणाला ‘कळत नाही’ असं म्हटलेलं नाही.”

“म्हणून तर कळलं नाही,” ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

बुधवारी ज्योती आली. “बापू, बघितलं का?”

“विचाराधीन आहे.”

गुरुवारी दुपारी ती पुन्हा आली. या वेळी बसली नाही, दाराला धरून उभी राहिली. “बापू, मुलाखत उद्या आहे. सकाळची गाडी पकडावी लागेल. बाबा तुमच्या शब्दासाठी अडलेत. तुम्ही ‘नाही ढकलणार’ एवढं म्हणा, बस.”

“म्हणूनच घाई नको,” मी म्हणालो. हो, हेच म्हणालो. “एकदा चुकीचा अर्थ गेला की गेला. उद्या सकाळी नक्की.”

ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. कचेरीच्या खिडकीपलीकडे उभी असलेली माणसं तशी बघायची, पण तेव्हा मध्ये जाळी असे. “बरं,” म्हणाली आणि गेली.

शुक्रवारी सकाळी अंघोळ करताना माझा निर्णय झाला. मुलाखतीला मन नसतं, अंगावरचे कपडे नसतात, बोलावणारे ती टाळतील कशाला, तेव्हा राहिलं काय? पुढे ढकलणे. किती सोपं होतं. इस्त्रीचा शर्ट घातला, कागद खिशात ठेवला आणि साडेनवाला उत्तमच्या दारात उभा राहिलो. सुरतेची गाडी केव्हाच गेली होती. ते मला त्याच्या दारात आठवलं. एका पोरीची नोकरी मी मार्जिनमध्ये लिहून बुडवली होती.

आत पाहुणे बसले होते. उत्तम धावतच आला आणि माझे दोन्ही हात धरले.

“हाई बापू. यासनीच कागद वाचा,” तो पाहुण्यांना सांगू लागला. “काल सांजले ज्योती सांगत उनी, बापूनी सांगं तारीख बदलाव नही. मंग मी इचार करा नही. तिले सकायनी गाडीवर बसाडी दिधं. बापू, तुम्ही सांगं नसतं ते मी तिले जाऊ देतू नही.”

म्हणजे पोरगी सुरतेला गेली होती, तीही माझ्या नावावर. मी काय म्हणावं? ज्याने काहीच सांगितलं नव्हतं त्याच्या हातात चहा आला, वर दोन बिस्किटं आली. खिशातला कागद कुरकुरत होता. पाहुण्यांतले वडीलधारे काका माझ्याकडे आदराने बघत होते. ऐन वेळी त्यांना नको म्हणून कळवणं उत्तमला जमलं नव्हतं, तरी मुलगी न दिसल्याचा रागही त्यांनी गिळलेला दिसत होता, इतका माझा शब्द वजनदार. मग ते जरा पुढे सरकले.

“बापू, आमनाकडेबी एक इंग्रजी कागद शे. जरा दखा ना.”

एवढं पानिपत समोर असताना माझं तोंड काय म्हणालं असेल?

“ठेवून जा. बघून ठेवतो.”

दोन दिवसांनी ज्योती पेढे घेऊन आली. निवड झाली होती. सौ.ने तिला कुंकू लावलं. मी पेढा हातातच धरून बसलो, कारण तोंडात टाकायचा धीर होईना.

“बापू, तो कागद द्या. मुलाखतीची सगळी पत्रं एका फायलीला लावतेय.”

दिला. तिने मार्जिन वाचलं, अगदी ‘सविनय सादर’पर्यंत. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

“तुमचं नाव घेऊन बाबाशी खोटं बोलले,” ती म्हणाली. “राग नका मानू. दुसरा इलाज नव्हता.”

“राग कसला,” मी म्हणालो. “मीच लाजतोय.”

“मग बाबाला खरं तुम्ही सांगा. मी सांगितलं तर मोबाईलसारखं होईल, पटायचं नाही. पुढच्या वेळी कागद आला तर त्याने मला विचारावं, एवढंच हवंय मला.”

मागणी रास्त होती. चौतीस वर्षांत इतका स्वच्छ अर्ज माझ्याकडे आला नव्हता. मी मान हलवली, हातातला पेढा शपथेसारखा उचलून धरला. “सांगतो. स्वतः जाऊन सांगतो.”

“केव्हा?” तिने विचारलं.

आणि देवाशपथ, मी तोंड आवरायला हात वर नेलाही होता.

“उद्या ये,” म्हणालो.