नेमताईंची चिमणी

नेमताई कुणाशीही बोलताना त्याच्या चेहऱ्याकडे बघत नसत, हातांकडे बघत. नव्या माणसाला वाटे, आपल्या बांगडीला नाहीतर घड्याळाला काहीतरी लागलंय. कतारमध्ये, दोह्याच्या बिन महमूद भागात, त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तोंड काहीही सांगतं गं. काय घडणार आहे ते आधी हातात दिसतं." कॉलेजात असताना त्या पिस्तुलाच्या नेमबाजीत राज्याकडून खेळल्या होत्या. दोह्यातल्या मराठी मंडळींनी त्यावरूनच त्यांना हे नाव दिलं. खरं नाव बऱ्याच जणांना ठाऊकही नव्हतं.

वेस्ट बे भागातल्या एका बँकेत त्या नोकरी करत. लग्न केलं नव्हतं. आईवडील लवकर गेले, आणि धाकटी बहीण वृंदा त्यांच्या पदरात आली. तिच्या शिक्षणासाठी त्यांनी खेळ सोडला आणि कतारची नोकरी धरली. त्याबद्दल त्यांना हळहळताना मी कधी पाहिलं नाही. मात्र बाजारातून येताना सगळ्या पिशव्या डाव्या हातात घेत, उजवा मोकळा ठेवत. मी हसले की म्हणत, "सवय आहे. हाताला अजून कळलेलं नाही की खेळ संपला."

वृंदा नाशिकला वकिली करत होती. एका विधवा बाईची जमीन काही लोकांनी दांडगाईनं बळकावली होती, ती केस तिनं घेतली आणि तेव्हापासून एक मोटारसायकल तिच्या मागे फिरू लागली. आधी नुसती मागे. मग एकदा स्कूटरचे दोन्ही टायर कापलेले सापडले. मग वाटेत गाडी आडवी घालून एकानं अगदी सभ्यपणे सांगितलं, "मॅडम, तब्येत सांभाळा." वृंदानं तक्रार केली, चकरा मारल्या, आणि शेवटी शस्त्राचा परवाना मागितला. तो बऱ्याच खेपांनंतर मिळाला. त्या दिवशी तिनं ताईंना फोन केला. "ताई, आता कुठलं घेऊ ते तूच सांग."

दोह्यात बसून असलं बोलणं सोपं नव्हतं. पिस्तूल हा शब्द हिंदीवाल्याला कळतो, उर्दूवाल्यालाही कळतो, लिफ्टमध्ये निम्मी माणसं वळून बघतील. म्हणून त्यांनी फोनपुरता एक शब्द ठरवला, चिमणी. बत्तीस बोअरचं, तळहातापेक्षा जरासं मोठं, पर्समध्ये मावणारं पिस्तूल म्हणजे चिमणी. शुक्रवारी सकाळी समुद्रकाठच्या कॉर्निशवर चालताना नेमताई माझ्याजवळ तिचे गुणदोष मांडत. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्यांना ते मोठ्यानं बोलायला कुणीतरी हवं होतं.

"चपटं आहे, कपड्यांखाली दिसत नाही, हा गुण. वजन कमी, रोज बाळगता येईल. मोठं हत्यार बायका आठवडाभर बाळगतात आणि मग कपाटात ठेवतात." थोडं चालून पुढे म्हणत, "पण नळी आखूड. चार पावलांपलीकडे नेम धरणं वृंदाला जमणार नाही. हलकं म्हणून झटका जास्त. गोळी लहान, अंगावर धावून आलेला माणूस तेवढ्यानं थांबेलच असं नाही. आणि स्प्रिंग इतकी कडक असते, की गोळी चढवायला वरचा भाग तिला मागे ओढता तरी येईल का?"

"मग मोठं घेऊ दे ना," मी म्हटलं.

"मोठं ती बाळगणार नाही. तीच तर अडचण आहे."

दुकानातून वृंदानं व्हिडिओ कॉल केला तेव्हा मी ताईंकडेच होते. काउंटरवर कापड पसरून दुकानदारानं तीनचार नमुने मांडले होते. तो म्हणाला, "मॅडम, लेडीज लोक हेच छोटं नेतात."

नेमताई शांतपणे म्हणाल्या, "त्यांना विचार, लेडीज लोकांवर येणारी माणसंही छोट्या साइजची असतात का?"

दुकानदार हसला, वृंदाही हसली. ताई हसल्या नाहीत. त्यांनी तिला रिव्हॉल्व्हर हातात घ्यायला लावलं. त्याचा फायदा त्यांनी समजावून सांगितला: एखादी गोळी उडाली नाही तर नुसता पुन्हा चाप ओढायचा, बाकी काही करावं लागत नाही. वृंदानं ते पर्समध्ये घालून पाहिलं. पर्स एका बाजूला फुगली. मग तिनं परत छोटं उचललं.

वृंदा घरी पोचल्यावर ताईंनी व्हिडिओ कॉलवरच तिच्याकडून सराव करून घेतला. पर्समध्ये पिस्तुलाऐवजी टीव्हीचा रिमोट. खांद्याला पर्स, हातात फायली, अंगावर वकिलाचा कोट. "काढ," ताई म्हणाल्या की वृंदा फायली टाकायची, चेन ओढायची, आणि रिमोटबरोबर रुमाल, चष्म्याचं घर, किल्ल्या सगळं बाहेर. पुन्हा केलं. पुन्हा तेच. शेवटी वृंदा खाली बसली आणि म्हणाली, "ताई, मला कोणाला मारायचं नाहीये. मला फक्त संध्याकाळी ऑफिसचा जिना उतरता यायला हवा."

नेमताई म्हणाल्या, "घे मग चिमणीच. पण एक लक्षात ठेव, धीर देणारी वस्तू आणि वाचवणारी वस्तू एकच असते असं नाही."

फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "मला आयुष्यात एवढीच एक गोष्ट नीट येते, आणि तीही तिला फोनवरून शिकवता येत नाही."

पुढचे काही महिने बरे गेले. वृंदा जिना उतरत होती. मोटारसायकल दिसायची कमी झाली. ताई रोज बँकेतून आल्यावर फोन करत आणि पहिला प्रश्न विचारत, "चिमणी जवळ आहे ना?" मग निवडणुका जाहीर झाल्या. अशा वेळी परवान्याची हत्यारं पोलिसांकडे जमा करायला सांगतात. वृंदाचा धंदाच कायद्याचा. नोटीस आली तशी तिनं पिस्तूल जमा केलं, पावती घेतली, आणि ताईंना तसं कळवलं. "निकाल लागला की परत मिळेल. इन्शाल्ला म्हण," ती हसून म्हणाली. ताईंनी तिला तेवढे दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं. "तारखा आहेत गं," एवढंच तिचं उत्तर. हत्यार जवळ ठेवण्याची सवलत मागण्यासाठी ताईंनी इथून दोनतीन ओळखीच्यांना फोन लावले. सगळ्यांनी बघतो म्हटलं.

तो दिवस मला चांगला आठवतो. दुपारी दार वाजलं, आणि बँकेच्या कपड्यांतच नेमताई उभ्या होत्या. फोन कानाला. वृंदाचा सहकारी हॉस्पिटलमधून बोलत होता. ऑफिसातून कोर्टात जायला स्कूटर काढत असताना तिला दोघांनी लोखंडी रॉडनं मारलं होतं. जीव वाचला होता. ताई इतर काही विचारेनात. एकच विचारत राहिल्या, "कुठल्या हातावर?"

पलीकडून उत्तर आलं असावं. त्या माझ्या सोफ्यावर बसल्या. "उजव्या," म्हणाल्या. "मनगटाचा चुरा झालाय."

विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं मिळालं. तोवर करण्यासारखं काही नव्हतं. मी चहा केला, तो गार झाला. मी पुन्हा केला. बाहेर उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. मला राग आवरेना. "ऐन वेळी तिच्याजवळ पिस्तूल असतं तर!" मी म्हटलं.

"असतं तरी निघालं नसतं," नेमताई म्हणाल्या. "पहिला रॉड मागून आला. तिनं माणूस पाहिलाच नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पर्सच्या पिस्तुलाच्या कप्प्यात ती हल्ली डबा ठेवत होती. त्या सहकाऱ्यानं सांगितलं. डबा म्हणे तसाच आहे, सांडला नाही."

मग त्यांनी तोंडावर पदरासारखी ओढणी घेतली, आणि मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. जवळ जावं की नाही ते मला कळेना. गेले, आणि नुसती बसून राहिले.

त्या परत आल्या त्या सामान आवरायलाच. बँकेचा राजीनामा दिला, भांडी वाटून टाकली, माझ्यासाठी कुंडीतला कढीपत्ता ठेवला. एवढ्या वर्षांचा संसार दोन बॅगांत बसला. विमानतळावर सोडायला गेले तेव्हा मी विचारलं, "तिकडे जाऊन काय करणार ताई?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण इथून माहीत नसण्यापेक्षा तिथून माहीत नसलेलं बरं."

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. ज्यांनी मारलं ते सापडलेले नाहीत. वृंदाचं मनगट पूर्ण वळत नाही. ती डाव्या हातानं सही करायला शिकली आहे. जमिनीची केस चालूच आहे, आणि ती सोडायला वृंदा तयार नाही. ताई रोज तिच्याबरोबर कोर्टात जातात आणि मागच्या बाकावर बसतात.

"काही उपयोग होतो का?" मी न राहवून विचारलं.

"काही नाही," नेमताई म्हणाल्या. "उद्या कोणी आलं तर मी काय करणार आहे? पण युक्तिवाद करता करता ती मधेच मागे वळून बघते. तेव्हा मी दिसते तिला. मग ती पुन्हा बोलायला लागते."